परक्या नावाने काढलेली रात्र

१४ सप्टेंबर

पोचले! म्हणजे जायचं होतं ऑरेगनला, समुद्राकाठी, आणि पोचले डकोटातल्या एल्समोत, जिथून समुद्र कुठल्याही दिशेने सारखाच लांब. वेशीवरच्या धान्याच्या कोठारापाशी व्हॅनच्या गिअरबॉक्सने आत कुणी पातेली घासतंय असा आवाज काढला आणि तिसरा गिअर गेला तो गेलाच. मग दुसऱ्यावर रांगत रांगत गावात. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून सलाम ठोकला, जणू माझी मिरवणूकच निघाली होती.

मेकॅनिक एकच, डर्क. वयाने माझ्याच आसपासचा, पण ऐट मोठ्या डॉक्टरची. गाडीखाली शिरला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला की बाई, हिला आता मानाने जाऊ द्या. मी म्हटलं, रडायला नाही आले, दुरुस्त होईल का तेवढं सांग. होईल म्हणे, पण इतका जुना गिअरबॉक्स शोधून आणायला लागेल, आणि पैसे आधी. मी हसले. तोही हसला, पण पैसे आधीच.

नेलला फोन केला. नेल माझी थोरली बहीण, ऑरेगनला तीच. जानेवारीत तिला बाळ होणार आहे, पहिलं, आणि बाळाचा बाप उन्हाळ्यातच पसार झालाय. त्यामुळे जवळ कोण, तर मी. नाताळच्या आत पोचते असा शब्द दिलाय. ती म्हणाली, रेने, तुझं पोचणं मला माहीत आहे, माझ्या लग्नात तू केक संपल्यावर उगवली होतीस. मी म्हटलं, लग्न तरी कुठे टिकलं, केक खाऊन काय करायचं होतं? मग दोघी हसलो. पण फोन ठेवताना ती हळूच म्हणाली, या वेळी खरंच ये गं.

येणार. या वेळी येणारच.

झोपायची सोय झाली. मुख्य रस्त्यावर नाणी टाकून कपडे धुवायची लाँड्री आहे, मालकीण मार्लिसबाई, सत्तरीच्या, खांदे पैलवानासारखे. मागच्या अंगणात व्हॅन लाव म्हणाल्या, भाडं नको, मशीन पुसत जा. वर कुखेनचा, म्हणजे इकडच्या जर्मन केकचा, एक मोठा तुकडा दिला, साय आणि पीचचा. रात्री ड्रायर फिरत राहतात त्याची ऊब भिंतीतून येते. मला गाव आवडलं. जायचंय म्हणूनच आवडलं असेल.

२० सप्टेंबर

सकाळी कोठाराजवळच्या खानावळीत भांडी घासते. दुपारी मोकळी. त्यात खाण्यापुरतं सुटतं, गिअरबॉक्सपुरतं नाही.

आज लाँड्रीच्या मागच्या खोलीत फडकं शोधायला गेले आणि फडकं राहिलंच बाजूला. एक अख्खी भिंत पितळी टपालपेट्यांची! छोटी छोटी दारं, प्रत्येकावर आकडा, कोरलेला गरुड. जुनं पोस्ट बंद झालं तेव्हा मार्लिसबाईंच्या नवऱ्याने लिलावात घेतली म्हणे. तो वारला, तेव्हापासून बाई त्यात गिऱ्हाइकांचे हरवलेले मोजे ठेवतात. मी तासभर नुसती दारं उघडत-मिटत बसले. मोज्यांमध्ये एक कवळीही निघाली. बाईंनी ओळखली सुद्धा कुणाची ते.

आणि मग डोक्यात आलं. आमच्यासारख्या, बारा महिने चाकांवर राहणाऱ्या लोकांची एकच रड असते: पत्ता. लायसन्सला पत्ता, बँकेला पत्ता, मतदानाला पत्ता. डकोटाची मेहेरबानी अशी की इथे कुणाकडे तरी टपालपेटी भाड्याने घ्यायची, इथे एक रात्र काढायची, पावती दाखवायची, की झालात इथले. मीही अशीच इथली झालेय, खालच्या तालुक्यात एका पेटीच्या जोरावर. मग आपणच पेट्या भाड्याने का देऊ नयेत? टपाल आलं की पेटीत टाकायचं, मागितलं की पुढे पाठवायचं. भांडी घासण्याहून बरं.

मार्लिसबाईंनी नाकातून हुं केलं. म्हणाल्या, पोरी, गाडी खोकली की तू पसार होशील आणि मी पत्रं चाटत बसेन. पण मोज्यांचा डोंगर त्यांनाही नकोसा झाला होता. निम्मं निम्मं ठरलं. शिवाय बाई नोटरी आहेत. ट्रॅक्टरच्या सौद्यापासून मृत्युपत्रापर्यंत सगळं गाव शिक्का मारायला त्यांच्याकडेच येतं, धुण्याची बादली घेऊनच.

५ ऑक्टोबर

पोस्टाची परवानगी मिळाली. पितळ घासून घासून माझी नखं हिरवी झाली. आमच्यासारख्या चाकांवरच्या लोकांच्या ग्रुपवर मी आमच्या भिंतीचा फोटो टाकला आणि लिहिलं की इथे पेटी घ्या, टपालाला पहारा आणि कपडे धुवायला सवलत. लोक हसले आणि फोन करू लागले.

लोक किती एकटे असतात! पेटीची चौकशी दोन वाक्यांत संपते, मग तासभर बाकीचं. एका बाईने मला तिच्या मांजराशी बोलायला लावलं. मला तक्रार नाही. मला ऐकायला आवडतं, कामं तेवढी राहतात.

११ ऑक्टोबर

हार्लन बोडी. आयुष्यभर ट्रक हाकलेला माणूस, बायको गेल्यावर घर विकून गाडीत राहायला लागलेला. सध्या ॲरिझोनाच्या वाळवंटात. सगळ्यांना उस्ताद म्हणतो, मलाही. पेटी हवी आहे, लायसन्स संपत आलंय, पण कंबर कामातून गेली आहे, इथवर गाडी चालवत येणं शक्य नाही. ती एक रात्र कशी काढायची? विचारता विचारता त्याचा आवाज चिरकला. लायसन्स गेलं तर उस्ताद, मी कोण, असं म्हणाला.

मी म्हटलं, मी काढते तुमच्या वतीने. तोंडातून निघून गेलं. दोन पैसे वरचे द्या, मागच्या खोलीत खाट टाकते, तुमच्या नावाने झोपते, पावती पाठवते. रात्र काढली जाण्याशी मतलब, कोण घोरलं ते कोण बघतंय?

मार्लिसबाई बघत होत्या. चर्चची बाई, खोट्यावर शिक्का मारणार नाही म्हणाल्या. मी वाद घातला, गयावया केली, शेवटी त्यांना वैतागून म्हटलं की मग खरं करू या. रात्रभर मी हार्लनच. त्याचा शर्ट घालीन, तो खातो ते खाईन, त्याच्या नावाला ओ देईन. बाईंनी मशीनचं झाकण धाडकन लावलं. मग म्हणाल्या की मनापासून करणार असशील तर. अर्धवट केलंस तर ती खोटी शपथ, तिचं पाप माझ्या शिक्क्यावर.

१९ ऑक्टोबर

हार्लनचा शर्ट पार्सलने आला. चौकटीचा, डिझेल आणि पेपरमिंटचा वास. काल संध्याकाळी काय मजा आली! बाई मला हार्लन म्हणत होत्या. हार्लन, बूट काढ, आत्ताच फरशी पुसली आहे. हार्लन, दाढी वाढली की रे. मी डब्यातले सार्डिन खाल्ले, मासे मला ढेकरासकट नकोसे वाटतात तरी. डर्क इस्त्रीचे कपडे न्यायला आला, तर बाईंनी ओळख करून दिली की हे बोडीसाहेब, ॲरिझोनाहून आलेत. डर्कने माझा हात हातात घेऊन म्हटलं, साहेब, तुमच्या मिशा फार छान आहेत.

मग उजव्या हाताची शपथ: मी हार्लन बोडी, आज रात्री या पत्त्यावर राहतो. शिक्का. उजव्या कुशीवर झोपले, तो झोपतो तशी. आणि झोप कशी, दगडासारखी. स्वप्न नाही, काही नाही.

सकाळी हार्लनचाच फोन. म्हणाला, उस्ताद, बायको गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती. घरी झोपल्यासारखी.

२६ ऑक्टोबर

ओपलबाई झाल्या. त्याच मांजरवाल्या, फ्लोरिडात असतात, डोळ्यांनी दिसत नाही म्हणून गाडी चालवत नाहीत. जांभळ्या फुलांचा गाऊन, कोमट दूध, झोपण्याआधी चर्चमधलं गाणं. सगळ्यांना राजा म्हणायचं. मी इतकी गोड ओपल झाले की मार्लिसबाईंनी मला पापडासारखं पातळ सँडविच करून वाढलं.

एक गंमत. आज कोठारापाशी धान्याचा मोठा ट्रक मागे घेताना अडकला होता. ड्रायव्हर पोरगेला, घामाघूम. मी त्याला खाली उतरवलं, वर चढले आणि एका दमात आरशात बघून मागे घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डर्कने विचारलं, हे कुठे शिकलीस. मी काहीतरी सांगितलं.

मी ट्रक कधी चालवलेला नाही. पण व्हॅन चालवतेच की. तसंच असणार.

३ नोव्हेंबर

फोनवर फोन. सगळ्यांना ती एक रात्र हवी आहे. कुणी आजारी, कुणी म्हातारं, कुणी नुसतं दमलेलं. टेक्सासचा एक माणूस तर बोलतच नाही. नाव सांगतो आणि श्वास घेत राहतो.

आणि डर्कला गिअरबॉक्स सापडला! उद्यापर्यंत पैसे दिले नाहीत तर मालक दुसऱ्याला देईल. म्हणजे एकेक रात्र करत बसायला वेळ नाही. मी मार्लिसबाईंना म्हटलं, सगळ्यांना आज रात्रीच उरकू. पलंग एक, रात्र एक, माणसं सगळी. कुटुंब नाही का राहत एका छताखाली? बाई नको म्हणाल्या. मी नेलचं पोट दाखवलं फोनवर, फोटोत. आता ती टेकडीएवढी झालीय.

बाई विरघळल्या. संध्याकाळभर मी एकामागून एक झाले. पार्सलं आधीच येऊन पडली होती: कुणाचा मफलर, कुणाची टोपी, कुणाची नुसती उशीची खोळ. टेक्सासच्या माणसाने रिकामं पाकीट पाठवलं होतं. शेवटी शेवटी बाईंचा शपथा देऊन घसा बसला आणि माझा घेऊन घेऊन.

५ नोव्हेंबर

काल उठलेच नाही. आज पहाटे जाग आली. पाय जड. डर्कला पैसे मार्लिसबाईंनी पोचवले, बस. खानावळीत भांडी घासताना मालकीण मला हाक मारत होती म्हणे. मला ऐकूच आली नाही. म्हणजे ऐकू आली, पण रेने म्हणजे कोण, हे आठवायला थोडं थांबावं लागलं.

दमलेय. नेलकडे गेले की झोपेन आठवडाभर.

९ नोव्हेंबर

हार्लनचा फोन. काही काम नाही, नुसता केला म्हणाला. आवाज खोल विहिरीतून यावा तसा. मी विचारलं, तब्येत कशी. तर म्हणतो, आता बरी आहे, घरी आहे ना. मी विचारलं, कुठल्या घरी, तुम्ही घर विकलंत ना.

तर त्याने लाँड्रीचा पत्ता सांगितला.

मी हसले. म्हटलं, हो, टपालापुरतं. तो म्हणाला, उस्ताद, कॉफी निवतेय तुझी. माझ्या हातात कप होता. मग म्हणाला, तिसरा ड्रायर थांबलाय, कुणाचे तरी टॉवेल आहेत, पिवळे. मी वळून बघितलं. पिवळे होते. तो लगेच म्हणाला, हां, आता नीट दिसले.

कप खाली ठेवला. फोन पण ठेवला.

कुणीतरी चेष्टा करतंय. डर्क असेल. डर्कचाच हा उद्योग.

१४ नोव्हेंबर

डर्क नाही. ॲरिझोनाहून हार्लनच्या शेजारणीने फोन केला. हार्लन गाडीत खुर्चीवर बसलेला सापडला. जिवंत आहे. श्वास चालू, डोळे उघडे, बोट दाखवलं तरी पापणी हलत नाही. इस्पितळात नेलाय. डॉक्टर म्हणाले की शरीरात बिघाड काहीच नाही, फक्त आत कुणी नाही. कागदांवर हाच पत्ता मिळाला म्हणून तिने इथे फोन लावला. विचारत होती, तुम्ही त्यांच्या कोण?

मी म्हणाले, मी त्यांचं घर. मला असं म्हणायचं नव्हतं.

मग मी ओपलबाईंना फोन लावला. कुणीच उचलला नाही. फोन वाजत होता तोवर मी टॉवेलांच्या घड्या घालत होते, तीन पदरी, कडा जुळवून. मी आयुष्यात कधी तीन पदरी घडी घातलेली नाही. तोंडाने गाणं चाललं होतं. चर्चचं.

मार्लिसबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. 

२० नोव्हेंबर

व्हॅन तयार! तिसरा गिअर लोण्यासारखा पडतो. सगळं आवरलं. बाईंना मिठी मारली, पेट्यांच्या किल्ल्या दिल्या. उद्या पहाटे निघते. इथून सुटले की सगळं उतरेल अंगावरून, तापासारखं. नेलला कळवलं. ती रडली. आनंदाने.

२१ नोव्हेंबर

निघाले होते. नदीचा पूल ओलांडला, सूर्य पाठीशी, रेडिओ चालू. तालुक्याची हद्द संपल्याची पाटी समोर आली.

नंतर मी लाँड्रीत होते. हातात पिवळे टॉवेल. व्हॅन मागच्या अंगणात, इंजिन गरम. मधलं काहीही आठवत नाही.

पुन्हा निघाले. पुन्हा तसंच.

२३ नोव्हेंबर

डर्कला सांगितलं. सगळं नाही, थोडं. चक्कर येते म्हटलं, हद्दीपलीकडे सोड मला, पुढे मी बघते. त्याने थट्टा केली नाही, हेच मला जास्त भीतिदायक वाटलं. त्याच्याच गाडीतून निघालो, मी शेजारी बसले, पट्टा आवळून, हात मांड्यांखाली दाबून.

पाटी दिसली आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला. घरी चल ना राजा, असा. गोड, म्हातारा. मग दुसरा, जाडा: उस्ताद, आयुष्यभर चाकं फिरवली, आता पुरे. मग इतके सगळे एकदम, एकाच घशातून. माझा हात पट्टा सोडत होता. गाडी धावत होती आणि हात दार उघडत होता.

डर्कने गाडी वळवली. वळल्याबरोबर सगळे गप्प. त्याने गाडी कडेला लावली. आपण डॉक्टरकडे जाऊ म्हणाला. डॉक्टर हद्दीच्या पलीकडे असतो.

२७ नोव्हेंबर

मार्लिसबाईंनी थँक्सगिव्हिंगची टर्की केली होती, पण कुणी जेवलं नाही. त्यांना कळलंय. त्यांनी सगळ्या पावत्यांच्या स्थळप्रती माझ्यासमोर स्टोव्हमध्ये जाळल्या. काही झालं नाही. मग म्हणाल्या, हात वर कर, शपथ घे, तू रेने टकर आहेस म्हणून, मी शिक्का मारते.

हात वर केला. मी म्हणजे, इथवर आलं. पुढचं नाव ओठांपर्यंत आलं आणि कुणीतरी गिळलं. बाई म्हणाल्या, बोल पोरी. मी बोलले. जे नाव निघालं ते टेक्सासच्या माणसाचं होतं. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला.

बाई मागे सरकल्या, मशीनला टेकल्या. रडत म्हणाल्या की शिक्का परत घेता येत नाही. एकदा इथला रहिवासी झाला तो झाला. ते तुटतं एकाच गोष्टीने, माणसाने दुसरीकडे कुठे घर केलं तर. आणि यांना, म्हणाल्या, दुसरीकडे कुठे कुणी आहे?

संध्याकाळी बाई आपल्या लेकीकडे निघून गेल्या. लाँड्री तुझीच समज म्हणाल्या. दाराशी थांबल्या होत्या, पण मागे वळून बघितलं नाही.

३० नोव्हेंबर

ते वाईट नाहीत. हे लिहून ठेवते. ओपल गाते. हार्लन खिडकीशी बसतो, येणारेजाणारे ट्रक ओळखतो. त्यांच्यात नर्स आहे एक, ती माझ्या हातांना मलम लावते. सगळे दमलेले आहेत आणि त्यांना बरं वाटतंय. घर मिळालं ना.

मीच तेवढी मावत नाही.

टेक्सासवाला काही करत नाही. त्याची पाळी आली की तो मला दाराकडे तोंड करून उभं करतो. तासन्‌तास. कोण येणार आहे?

डिसेंबर, पहिला आठवडा

दिवसातून थोडा वेळच माझी असते. लिहिताना असते. हात चालू असला की ते आत बसून राहतात, का कोण जाणे.

आज डबाभर सार्डिन खाल्ले. आवडले मला. नंतर ओकलो.

नेलचा फोन. कधी निघतेस? माझ्या तोंडाने कुणीतरी सांगितलं, बर्फ फार आहे. बर्फ नाहीये इथे. अजून एक कणही पडलेला नाही.

बुधवार

दुसरीकडे घर केलं तर तुटतं.

बाई म्हणाल्या होत्या. दुसरीकडे घर. यांना कुणी नाही. पण मला आहे. मी तिथे जाऊ शकत नाही, पण हार्लन तरी कुठे आला होता? तो खुर्चीत बसून राहिला आणि मी इथे त्याच्या नावाने झोपले. त्याचा शर्ट, त्याची कूस, त्याचं नाव. तेवढ्याने आला तो.

नेलने एक रात्र माझ्या नावाने काढली तर?

नाही. नाही. हार्लन आल्यावर माझं काय झालं ते बघ ना. तिथे नेल आहे. आणि नेलमध्ये आणखी कुणीतरी आहे, इवलंसं. तिथे जागा कुठे आहे?

नाही.

शुक्रवार

आज माझी फक्त सकाळ होती. तीही अर्धी. आरशात बघितलं तर चेहऱ्यावरचे भाव सगळे दुसऱ्यांचे.

एकाच रात्रीचा प्रश्न. मी कोपऱ्यात राहीन. हलणार नाही. मी तर तिची बहीण आहे, परकी थोडीच. थोडे दिवस. बाळ झालं की निघेन. कुठे निघेन? ते नंतर बघू.

शनिवार

सांगितलं.

त्यांनी नाही. मी. माझ्या तोंडाने, माझ्या आवाजात. म्हटलं, नेल, एक कर, आज रात्री माझ्यासाठी मांडून ठेवलेल्या खाटेवर झोप, माझं नाव घे, मी रेने, आज रात्री इथे राहते, असं म्हण. इथली पद्धत आहे, लवकर भेट होते. ती खळखळून हसली. तुझी एकेक खुळं, म्हणाली. तुझा तो हिरवा स्वेटर आहे माझ्याकडे, हल्ली पोटावर तेवढाच चढतो, तोच घालून झोपते. मग म्हणाली, आत्ताही घातलाच आहे बघ, तुझ्यासारखीच दिसतेय मी.

आणि म्हणाली, ये गं. वाट बघतेय. बाळ पण.

फोन ठेवला आणि आत सगळे गप्प. मग त्यांनी सरकून घेतलं. माझी जागा आत्ताच वाटून घेताहेत.

शनिवार, संध्याकाळ

काय केलं मी

फोन लावला. नेलने उचलला. मी ओरडले, झोपू नकोस. बाहेर आलं ते, शांत झोप हं राजा. ती म्हणाली, आज भारीच लाडात आलीयेस. पुन्हा लावला. उस्ताद, बिनधास्त झोप. ती हसली आणि म्हणाली, डोळे मिटताहेत, ठेवते.

आता उचलत नाही.

डर्क आला होता. मी एक पान फाडून त्याच्या हातात द्यायला उठले, नेलचा नंबर वर लिहिला होता. हाताने पान चुरगाळलं, स्टोव्हमध्ये टाकलं. तोंडाने विचारलं, मिशा कशा आहेत माझ्या? तो हसला नाही. हळूहळू मागे गेला. गाडी सुरू केल्याचा आवाज —

थांब, डर्क —

फक्त पेन माझं. लिहीत राहिले तर इथेच राहीन. लिहीत राहायचं. थांबायचं नाही. काहीही लिही. पितळ, गरुड, मोजे, पीच, तिसरा गिअर, नेल, नेल, नेल, जागी राहा, उठून पाणी पी, दिवा लाव, काहीतरी खा —

बोटं जड होताहेत. हार्लन म्हणतो, सोड आता, दमलीस. नाही सोडणार —

ड्रायर फिरतोय. नाही, ड्रायर बंद आहेत. तरी गर्जना येते आहे. येते, ओसरते. येते, ओसरते —

मीठ. खारट वास —

खोली दिसत नाही मला. कागद दिसत नाही. अंधारात लिहितेय, खिडकी डावीकडे आहे, इथे खिडकी डावीकडे नाही —

मनगटाला लोकर टोचतेय. हिरवी —

पोट. केवढं जड. आत कुणीतरी लाथ मारली, आत्ता, बरगडीखाली, मला, मलाच ढकलतंय, बरोबर करतंय, ढकल, बाळा, ढकल —

नेल ऊठ कूस बदल नाव नको घेऊ मी नाही ती मी नाही येत दार लाव नेल मला आत घेऊ